जुन्या फोटोतील सैनिक पणजोबांची पलटण कशी ओळखावी?

आपल्या नाशिकच्या घरातील फोटोत गणवेशातील एक पूर्वज आहेत, पण त्यांचे नाव आणि पलटण कोणालाच सांगता येत नाही, असा आपला प्रश्न आहे. चेहऱ्यावरून अंदाज बांधण्याच्या भानगडीत पडू नये. घरातले सगळेच चेहरे एकमेकांसारखे दिसतात. फोटो जास्त बारकाईने स्कॅन करून प्रथम खांद्यावरील धातूची अक्षरे वाचावीत. तिथे १०३, ११० किंवा ११७ असा आकडा असल्यास ती जुनी मराठा पलटण होय. या तिन्ही पलटणी १९१५-१६ मध्ये पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातील (आजचा इराक) कूत-अल-अमाराच्या वेढ्यात होत्या. ब्रिटिश भारतीय लष्कराच्या १९२२ च्या पुनर्रचनेत हे आकडे गेले, त्यामुळे आकडा दिसला की फोटो बहुधा त्याआधीचा ठरतो. बाहीवरील फितींपैकी दोन म्हणजे नाईक, तीन म्हणजे हवालदार. महार रेजिमेंट १९४१ ची, त्यामुळे त्याआधीचा फोटो तिच्यातला नसतो, हेही ध्यानात ठेवावे.

खरा पुरावा मात्र पेटीतल्या पदकात असतो: पहिल्या महायुद्धाच्या गोल पदकांच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. फक्त ते घासूनपुसून चकचकीत करू नये. फोटोमागच्या पुठ्ठ्यावर देवळालीच्या एखाद्या स्टुडिओचा शिक्का असला, तरी त्यावरून पलटण ठरवू नये, कारण त्या छावणीतून अनेक पलटणींचे सैनिक ये-जा करत. नावाचाच घोळ असल्यास रामकुंडावरील आपल्या तीर्थोपाध्यायांच्या वहीतील वंशावळ पाहावी; पिढ्यांचा क्रम तिथे बहुधा उलगडतो.