रॉकमधलं विडंबन: हसवणारे बँड कच्चे नव्हते

तुझा प्रश्न थोडक्यात असा: सांगलीतल्या कॉलेजात तुमचा बँड आहे, आणि स्नेहसंमेलनात गाजलेल्या इंग्रजी रॉक गाण्यांच्या चालीवर मराठी शब्द बसवायचे आहेत. विषय ठरलेत: एसटीचा पास, मेसची आमटी आणि कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पाणीपातळी. पण तुमचा लीड गिटारवाला तयार नाही. ज्यांना धड वाजवता येत नाही तेच विनोदी गाणी करतात, असं त्याचं म्हणणं. शिवाय यात कायद्याची अडचण येईल का, हेही तू विचारलंस.

मिरज-सांगलीकडच्या ऑर्केस्ट्रांत मी वर्षानुवर्षं गिटार वाजवतोय आणि रॉकमधलं विडंबन हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. इतिहास तुमच्या गिटारवाल्याच्या बाजूने नाही. ज्यांची विडंबनं टिकली ती माणसं पक्की वाजवणारी होती. मूळ गाण्याचा ठेका, गिटारचा टोन, गायक श्वास कुठे घेतो, हे सगळं हुबेहूब उतरलं की मगच बदललेला शब्द हसवतो.

रॉक अँड रोल जन्मल्या जन्मल्या त्याची टर उडवणारे हजर झाले. 1956 मध्ये एल्व्हिस प्रेस्लीचं 'हार्टब्रेक हॉटेल' गाजलं आणि स्टॅन फ्रीबर्ग या अमेरिकी विनोदवीराने त्याच वर्षी त्याची नक्कल रेकॉर्ड केली. मूळ गाण्यात आवाजावर एको आहे, फ्रीबर्गने तो बेसुमार वाढवला. 'द ग्रेट प्रिटेंडर'च्या नकलेत त्याचा पियानोवाला जाझचा माणूस दाखवलाय. तेच ते ठोके वाजवून तो कंटाळतो आणि मधेच स्वतःचं काहीतरी सुरू करतो. फ्रीबर्गला हे संगीत मनापासून आवडत नव्हतं, पण कान तयार होता. मला त्याच्यापेक्षा कोस्टर्स हा गायकांचा ग्रुप जवळचा वाटतो. 1958 चं त्यांचं 'याकिटी याक' म्हणजे घरकाम लावणारे आईबाप आणि कुरकुरणारा पोरगा. ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. लिहिणारे लीबर आणि स्टोलर, ज्यांनी एल्व्हिससाठी 'जेलहाउस रॉक' लिहिलं. म्हणजे गंभीर आणि विनोदी, दोन्ही एकाच दुकानातून येत होतं.

फ्रँक झापा या अमेरिकी गिटारवाल्या-संगीतकाराकडे मात्र थांबून बघ. बीटल्सचा 'सार्जंट पेपर' हा अल्बम 1967 मध्ये आला आणि पुढच्याच वर्षी झापाच्या मदर्स ऑफ इन्व्हेन्शन या बँडने 'वुई आर ओन्ली इन इट फॉर द मनी' हा अल्बम काढला. त्याचं चित्र थेट 'सार्जंट पेपर'च्या कव्हरचं विडंबन होतं. कायद्याच्या भीतीने कंपनीने ते बाहेर न छापता आतल्या बाजूला टाकलं. त्याच 1968 मध्ये झापाने 1950 च्या दशकातल्या डू-वॉपची, म्हणजे अनेक गळ्यांनी मिळून गायच्या गाण्यांची, नक्कल करणारा अख्खा अल्बमही केला. पण हा माणूस त्याआधीच, 1963 मध्ये, पेंग्विन्स या खऱ्याखुऱ्या डू-वॉप ग्रुपसाठी रे कॉलिन्सबरोबर गाणं लिहून बसला होता. आधी मनापासून केलं, मग त्याच्याशी खेळला. त्या अल्बममध्ये प्रेम आणि चेष्टा वेगळी काढताच येत नाही, आणि मला ते या सगळ्या परंपरेतलं सगळ्यात उंच काम वाटतं.

इंग्लंडात बॉन्झो डॉग डू-डाह बँड होता. त्यांच्या 1968 च्या हिट गाण्याची निर्मिती पॉल मॅकार्टनीने टोपणनावाने केली. त्यांच्यातला नील इनिस पुढे एरिक आयडल या विनोदी नटाबरोबर 'रटल्स' हा खोटा बीटल्स उभा करायला गेला. 1978 च्या त्यांच्या टीव्ही चित्रपटात जॉर्ज हॅरिसन स्वतः बातमीदार म्हणून दिसतो. इनिसच्या चाली इतक्या बीटल्ससारख्या उतरल्या की बीटल्सच्या गाण्यांचे हक्क असलेल्या कंपनीने त्याच्याकडून त्या गाण्यांत वाटा घेतला. 1984 चा 'दिस इज स्पायनल टॅप' हा एका खोट्या रॉक बँडवरचा चित्रपट. त्यातला अकरापर्यंत आकडे असलेला अ‍ॅम्प आणि अठरा फुटांऐवजी अठरा इंचांचं बनलेलं स्टेजवरचं स्टोनहेंज सगळ्यांना आठवतं. पण गिटारवाल्याला हे सांग: त्यात गाणारे-वाजवणारे नट ती गाणी खरोखर स्वतः वाजवत होते. 1992 मध्ये फ्रेडी मर्क्युरीच्या स्मरणार्थ वेम्बलीला झालेल्या कार्यक्रमात हा 'खोटा' बँड खऱ्यांच्या रांगेत वाजवून गेला.

आता अमेरिकी विडंबनकार विअर्ड अल यँकोविक. तुमच्यासाठी सगळ्यात उपयोगाचा हाच. अ‍ॅकॉर्डियन वाजवणारा पोरगा. 1979 मध्ये 'माय शरोना'चं विडंबन त्याने कॉलेजच्या बाथरूममध्ये रेकॉर्ड केलं, तिथे आवाज छान घुमतो म्हणून. पुढच्या वर्षी क्वीन बँडच्या गाण्याची, बसप्रवासाच्या विषयावरची नक्कल त्याने डॉक्टर डेमेंटोच्या रेडिओ कार्यक्रमात थेट गायली. जॉन श्वार्ट्झ अ‍ॅकॉर्डियनच्या खोक्यावर ठेका धरत होता. तोच श्वार्ट्झ त्याचा कायमचा ड्रमर झाला. 1984 मध्ये मायकल जॅक्सनच्या 'बीट इट'चं 'ईट इट' झालं, अमेरिकी यादीत बाराव्या क्रमांकावर गेलं आणि ग्रॅमी घेऊन आलं. मूळ गाण्यात एडी व्हॅन हेलनचा सोलो आहे. अलच्या गाण्यात तिथे रिक डेरिंजर वाजवतो, आणि तो सोलो पोकळ नाही, दमदार आहे. तुमच्या गिटारवाल्याला आधी हाच ऐकव.

निर्व्हाणा या बँडच्या गाण्याच्या वेळी अलने त्यांचा गायक कर्ट कोबेनला फोनवर परवानगी मागितली. कोबेनने विचारलं, खाण्यावर आहे का? अल म्हणाला, तुमचे शब्द कुणालाच कळत नाहीत यावर आहे. परवानगी मिळाली. गाण्यात सोलोच्या जागी गुळण्या ऐकू येतात, पण भोवतीचा ड्रम आणि गिटार मुळाइतकीच जड आहेत. परवानगी मागणं ही अलची सवय आहे, कायद्याची सक्ती म्हणून तो ते करत नाही. प्रिन्सने त्याला कायम नकार दिला आणि अलने तो पाळला. 2014 मध्ये त्याचा 'मँडेटरी फन' बिलबोर्डच्या अल्बम यादीत पहिला आला. विनोदी अल्बमला तो मान 1963 नंतर प्रथमच मिळत होता.

कायद्याचं विचारलंस म्हणून: अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्ये 'प्रिटी वुमन'च्या खटल्यात सांगितलं की धंद्यासाठी केलेलं विडंबनही रास्त वापरात, म्हणजे परवानगीशिवाय चालणाऱ्या वापरात, बसू शकतं. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात विडंबनाला नाव घेऊन सवलत नाही. कलम 52 मध्ये टीका-समीक्षेला आहे, आणि शिक्षणसंस्थेत विद्यार्थी-शिक्षक-पालकांपुरत्या सादरीकरणाला आहे. संमेलनाच्या स्टेजवर निर्धास्त गा. यूट्यूबवर टाकायचं असेल तर तो प्रश्न वेगळा, तिथे व्हिडिओ उतरवला जाऊ शकतो.

आणि हे सगळं परदेशी आहे असं समजू नका. सांगलीच्या शेजारचं कवलापूर हे काळू-बाळूंचं गाव. हे जुळे भाऊ तमाशात हवालदार होऊन आले की लोक हसून लोळायचे, पण वगातली वेळ त्यांनी कधी चुकवली नाही. गवळणीत कृष्णाला खडसावणारी मावशी भक्तिगीताच्या साच्यातच विनोद करते. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठेंनी तमाशाच्या सुरुवातीच्या गणाचा साचा तोच ठेवून गणपतीच्या जागी मायभूमी आणि शिवरायांना वंदन केलं. ते विडंबन नव्हतं, पण साचा तोच ठेवून आशय बदलायचं बळ त्यात पुरेपूर दिसतं. यूट्यूबवर अलचे व्हिडिओ बघता तसं या माणसांबद्दल घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा.

आता तुमच्या गाण्यांबद्दल. लोकांना मूळ गाणं माहीत नसेल तर विडंबन पोचत नाही, म्हणून 'वी विल रॉक यू' किंवा 'बीट इट' घ्या, झापा घरी ऐका. पहिली दोन कडवी मूळ इंग्रजीतच, नीट वाजवा. शब्द लिहिताना लांब सुरावर दीर्घ अक्षर टाका. 'पास', 'आमटी', 'गाडी' चालतील. ऱ्हस्व अक्षर ओढावं लागलं की मराठी शब्द मोडतो आणि सगळ्यांना ते लगेच कानाला लागतं. सोलो गिटारवाल्याला पूर्ण द्या, त्यात विनोद घालू नका.

पाणीपातळीच्या गाण्याला माझी एक अट आहे. 2019 च्या पुरात ज्यांची घरं बुडाली त्यांची पोरं तुमच्यासमोर बसलेली असतील. पुलावर मोबाइल घेऊन गर्दी करणाऱ्यांवर हसा, पाण्यात असलेल्यांवर नको. तसं लिहिता येत नसेल तर ते गाणं काढून टाका आणि एसटीवर दोन करा.

आवाजाची तपासणी करताना एकाला शेवटच्या रांगेत उभं करा. गाणं चालू असताना डिस्टॉर्शन कमी ठेवा आणि ओळीच्या शेवटच्या शब्दावर ड्रमरला क्रॅशची झांज मारू देऊ नका, कारण हशाचा शब्द बहुतेक तिथेच असतो. शब्द लिहून झाले की इथे टाक, मी मात्रा तपासून देतो.