प्रीगॅबालिन सुरू केल्यापासून वडिलांचे हात अचानक झटकले जातात. हे औषधामुळे असेल का?

होय, असू शकते. शुद्ध हरपलेली नसताना स्नायूंना क्षणभर बसणाऱ्या अशा अनैच्छिक झटक्यांना मायोक्लोनस म्हणतात. प्रीगॅबालिन आणि त्याच गटातील गॅबापेंटिन ही नसांच्या दुखण्यावर दिली जाणारी औषधे जवळजवळ पूर्णपणे मूत्रपिंडावाटे बाहेर पडतात. त्यामुळे मूत्रपिंडाचे काम मंदावले असेल, तर नेहमीची मात्राही शरीरात साठत जाते आणि झटके, गुंगी, तोल जाणे अशी लक्षणे दिसू लागतात.

आमच्याकडे नाशिकला, पंचवटीत, सासूबाईंच्या बाबतीत हेच घडले. चहाची बशी ओठांपाशी नेताना त्यांचा हात झटकला आणि चहा पदरावर सांडला. आम्ही ते वयावर ढकलले, याची खंत मला आजही आहे. मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे दाखवणारे रक्तातील क्रिएटिनिन तपासल्यावर ते वाढलेले आढळले. डॉक्टरांनी गॅबापेंटिनची मात्रा कमी केली आणि काही दिवसांत झटके थांबले.

मात्र गोळी मनाने एकदम बंद करू नका, कारण त्यामुळे क्वचित फिट येऊ शकते. आजच डॉक्टरांना फोन करा, क्रिएटिनिनची तपासणी करून घ्या आणि चालू असलेल्या सर्व गोळ्यांच्या पट्ट्या सोबत न्या. ट्रॅमाडॉल (एक वेदनाशामक) किंवा नैराश्यावरील गोळ्या घेत असतील, तर ते आवर्जून सांगा. त्या एकत्र घेतल्याने झटक्यांबरोबर ताप, दरदरून घाम व अस्वस्थता आल्यास सेरोटोनिन सिंड्रोमची, म्हणजे शरीरात सेरोटोनिन या रसायनाचा परिणाम अति वाढल्याने होणाऱ्या धोकादायक त्रासाची, शक्यता असते. तसे झाल्यास किंवा वडील असंबद्ध बोलू लागल्यास, अतिशय गुंगीत गेल्यास, सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.