पाच वर्षांच्या मुलीला चष्मा लागला आहे, पण ती तो काढून ठेवते. सवय कशी लावावी आणि चष्मा जपायला कसे शिकवावे?

आपण प्रश्नात पुढे लिहिले आहे की मुलीच्या आजी म्हणतात, "सारखा घातला की नंबर वाढतो." हे वाक्य मी माझ्या घरात आठ महिने ऐकले आहे, म्हणून हे उत्तर लिहायला बसले.

माझ्या मुलीलाही पाचव्या वर्षीच चष्मा लागला. तीन दिवस डोळ्यांत अ‍ॅट्रोपिनचे (बाहुली मोठी करणारे) मलम घालून तपासले, तेव्हा उजव्या डोळ्याचा नंबर अधिक (प्लस) १ आणि डाव्याचा अधिक ४.५ निघाला. उजव्या डोळ्याने सगळे नीट दिसत असल्यामुळे तिला चष्म्याची गरजच वाटत नव्हती. पहिल्याच आठवड्यात चष्मा कधी उशीच्या अभ्र्यात, तर कधी तांदळाच्या डब्यामागे सापडू लागला. मी रागावले, एकदा हातही उगारला, आणि त्याचे मला अजून वाईट वाटते. सासरे म्हणत, "एवढ्याशा पोरीच्या नाकावर हे ओझे कशाला? मोठी झाली की बघू." ते घरी असले की चष्मा डबीतच राही.

एका रात्री ती झोपलेली असताना नाकाच्या दोन्ही बाजूंना मसुरीच्या डाळीएवढे लाल डाग दिसले. फ्रेम आम्ही वाढत्या अंगाची म्हणून मोठी घेतली होती. ती घसरून नाकाच्या शेंड्यावर येई आणि मुलगी काचांच्या वरून पाही, म्हणजे घातलेला चष्माही न घातल्यासारखाच होता. दुसऱ्या दिवशी तिच्या मापाची, नाकावर मऊ सिलिकॉन असलेली हलकी फ्रेम घेतली आणि काड्या कानामागे नीट वळवून घेतल्या. पंधरा दिवसांत लपवालपवी थांबली. मूल चष्मा काढते तेव्हा त्याच्या हट्टाला दोष देण्याआधी त्याचे नाक आणि कानामागची कातडी पाहावी, असे माझे ठाम मत आहे.

चष्म्याने नंबर वाढत नाही. मुलाबरोबर डोळाही वाढतो, म्हणून नंबर बदलतो. चष्मा न घालणाऱ्या मुलाचाही तो बदलतोच. उलट, एका डोळ्याकडून सतत धूसर चित्र येत राहिले तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो आणि डोळा आळशी होतो. यावरचे उपचार साधारण सात-आठ वर्षांच्या आत सर्वांत चांगले लागू पडतात, त्यामुळे "मोठी झाली की बघू" हा सल्ला प्रेमापोटी दिलेला असला तरी घातकच आहे. गाजराने अ जीवनसत्त्व मिळते, नंबर उतरत नाही.

जपण्याबद्दल थोडक्यात सांगते. चष्मा दोन्ही हातांनी काढायला शिकवा आणि काचा आधी पाण्याखाली धरून मगच मऊ कापडाने पुसा, फ्रॉकच्या टोकाने नव्हे. पॉलिकार्बोनेटच्या काचा सहजी फुटत नाहीत, पण धुळीसकट पुसल्या तर लगेच चरे पडतात. डबीची जागा मुलीलाच ठरवू द्या. आमच्या मुलीने देवघराशेजारचा कोनाडा निवडला.

अर्थात प्रत्येक मुलाला चष्मा दिवसभर लागतोच असे नाही, ते डॉक्टरांनाच विचारावे. प्लस नंबराच्या चष्म्यातून सुरुवातीला दूरचे थोडे धूसर दिसू शकते. दोन-तीन आठवड्यांनंतरही तक्रार राहिली, तर काचांचा नंबर चिठ्ठीप्रमाणे आहे का, हे तपासून घ्या.

आजींशी वाद घालू नका, पुढच्या तपासणीला त्यांना सोबत न्या. आठ महिन्यांनी मी सासऱ्यांना नेले. डॉक्टरांनी मुलीचा उजवा डोळा झाकला आणि डाव्याने तिला तक्त्यावरची दुसरी ओळ संपवता येईना. सासरे उठून तक्त्याजवळ गेले, अक्षरे केवढी आहेत ते पाहून परत आले आणि चष्मा स्वतःच्या रुमालाने पुसू लागले, तेव्हा नातीने त्यांना सांगितले, "आजोबा, आधी पाणी."