शिवजयंतीच्या रक्तदान शिबिरात रक्ताच्या शंभर पिशव्या जमतात, तरी मे महिन्यात तुटवडा का? गणिती प्रारूपाचा (मॉडेलचा) इथे काही उपयोग होईल का?

ठाण्यातील आपले मंडळ दरवर्षी १९ फेब्रुवारीला शिबिर घेते, शंभरेक पिशव्या जमतात आणि तरीही मे महिन्यात रुग्णांचे नातेवाईक रक्तासाठी वणवण करताना दिसतात, असे आपण लिहिले आहे. मी संख्याशास्त्र शिकवते आणि नवी मुंबईतील एका रक्तपेढीच्या नोंदींवर काही महिने काम केले आहे. माझ्या मते उपयोग निश्चित होईल, कारण अडचण रक्ताच्या एकूण प्रमाणापेक्षा तारखांची अधिक आहे.

प्रारूपाची सुरुवात साध्या बेरजेने होते. पोषक द्रावणात ठेवलेल्या लाल पेशी ४२ दिवस टिकतात, म्हणजे १९ फेब्रुवारीची पिशवी २ एप्रिलच्या आसपास बाद होते. पुरुषाला ९० दिवसांनी आणि स्त्रीला १२० दिवसांनीच पुन्हा रक्तदान करता येते, त्यामुळे आपले दाते २० मे आणि १९ जूनपूर्वी मोकळे होत नाहीत. मधल्या काळात महाविद्यालयांना सुट्टी असते, माणसे गावी गेलेली असतात, आणि जे ठाण्यातच आहेत त्यांनी नुकतेच रक्त दिलेले असते. तेच शंभर दाते १९ फेब्रुवारी, मार्चचा शेवटचा आठवडा आणि एप्रिलचा शेवटचा आठवडा अशा तीन तुकड्यांत बोलावले, तर एकही दाता न वाढवता जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत फ्रीजमध्ये वापरण्याजोगी पिशवी राहू शकते.

प्लेटलेटचे गणित अधिक कठीण आहे. त्या २० ते २४ अंश तापमानाला, सतत हलत्या ट्रेमध्ये ठेवाव्या लागतात आणि पाचच दिवस टिकतात, त्यातलाही काही वेळ तपासण्यांत जातो. समजा एखाद्या रक्तपेढीत रोज सरासरी सहा पिशव्यांची मागणी येते. मागणी यादृच्छिकपणे, म्हणजे कोणत्याही ठरावीक क्रमाशिवाय, कमीजास्त होत असेल, तर शंभरपैकी ९५ दिवस कोणालाही परत पाठवायचे नसल्यास सहा नव्हे, दहा पिशव्या हाताशी लागतात. मात्र अशाच दोन रक्तपेढ्यांनी साठा एकत्र धरला, तर वीसऐवजी अठरा पुरतात आणि वाया जाणाऱ्या पिशव्याही कमी होतात. पावसाळ्यात डेंग्यूचे रुग्ण वाढले की सरासरीच बदलते, म्हणून हे आकडे ऋतूनुसार पुन्हा मांडावे लागतात.

मला सर्वांत जास्त अस्वस्थ केले ते नोंदवहीने. तिथे दिलेल्या पिशव्या लिहिलेल्या होत्या, मागितलेल्या नव्हत्या. ज्या दिवशी ओ निगेटिव्ह संपले होते आणि माणूस रिकाम्या हाताने गेला, त्या दिवसासमोर शून्य होते, आणि प्रारूपाने ते शून्य म्हणजे मागणीच नव्हती असे वाचले असते. नाकारलेल्या विनंत्याही लिहायला लागल्यावरच आमचे अंदाज विश्वासार्ह होऊ लागले.

आपल्या मंडळाने पुढच्या शिबिराआधी रक्तपेढीकडे एवढेच विचारावे, की गेल्या वर्षी कोणत्या आठवड्यात कोणत्या रक्तगटाच्या किती विनंत्या परत पाठवल्या. तो तक्ता मिळाल्यास दात्यांच्या यादीत रक्तगट आणि मागील रक्तदानाची तारीख असे दोन रकाने घाला. कोणाला फेब्रुवारीत बोलवायचे आणि कोणाला एप्रिलसाठी थांबवायचे, हे त्यावरून ठरवता येईल.