नवऱ्याची नोकरी गेली आहे, यंदा दिवाळी करूच नये असं ठरवलंय. मुलांना कसं सांगू?

सांगू नका. दिवाळी करा.

तुम्ही लिहिलंय की मुलं आठ आणि अकरा वर्षांची आहेत आणि "एक वर्ष नाही केली तर काय बिघडतं" असं सासरचे म्हणतात. हे वाक्य मी आमच्या जाऊबाईंकडून इतक्या वेळा ऐकलंय की उत्तर लिहिल्याशिवाय राहवत नाही. मी लालबागच्या चाळीतली. मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. दिवाळी आली नोव्हेंबरात. म्हणजे जवळजवळ दहा महिने घरात पगार नाही. तरी आमच्या मजल्यावर चकल्या तळल्या गेल्या, कंदील लागले. "तुम्हा गिरणीवाल्यांना मिरवायची हौस" हा जाऊबाईंचा शेरा. मिरवण्याचा संबंधच नव्हता, तो हिशोब होता. तोच सांगते.

फराळात पीठ महाग पडत नाही, तेल पडतं. चकली तरंगायला कढईत निदान दोन बोटं तेल हवं, मग तुम्ही अर्धा किलो पिठाच्या करा नाहीतर दोन किलोच्या. थोड्या पिठाला तेवढं तेल ओतलं की पीठ पितं थोडं आणि कढईत उरतं ढीगभर. म्हणून संपाच्या वर्षी चार बिऱ्हाडांत एकच कढई होती. पीठ ज्याचं त्याने आणायचं. तेल वाटीने मोजून ओतायचं, सगळं तळून झाल्यावर गार करून परत मोजायचं आणि जेवढं कमी भरलं ते ज्याच्या-त्याच्या पिठाच्या प्रमाणात वाटून घ्यायचं. भांडण होत नाही, कारण माप सगळ्यांसमोर होतं. तुमच्या इमारतीत अशा दोन बायका तरी निघतील. विचारायची लाज वाटते, मान्य. पण त्यांनाही तेल महागच पडतंय.

तळायचा क्रमही ठरलेला असावा. आधी शंकरपाळे, मग शेव, मग चकली. करंजी सगळ्यात शेवटी, कारण एक जरी फुटली तरी सारणातली साखर जळून तेल काळं होतं आणि पुढचा सगळा घाणा कडवट लागतो. माझं विचाराल तर यंदा करंजी करूच नका. सुकं खोबरं, खसखस, वरच्या पारीला तूप: सगळ्यात महागाची आणि सगळ्यात वेळखाऊ. मुलं अर्धी खाऊन ठेवतात.

चकली मात्र हवीच. भाजणीला तांदूळ ४ वाट्या, हरभराडाळ २, उडीदडाळ १, मूगडाळ अर्धी, धणे पाव वाटी, जिरे दोन चमचे. तांदूळ धुऊन सावलीत पूर्ण वाळवायचे. प्रत्येक जिन्नस वेगळा आणि मंद आचेवर भाजायचा. एकत्र भाजलं की डाळ करपते आणि तांदूळ कच्चे राहतात. गिरणीत देताना सांगायचं की गव्हावर दळू नका, आधी कुणाची डाळ किंवा तांदूळ दळून होऊ द्या. जात्यात राहिलेल्या गव्हाच्या पिठाने चकली चिवट होते.

दोन वाट्या भाजणीला पावणेदोन वाट्या पाणी. त्यात मीठ, तिखट, हळद, ओवा, तीळ आणि तेलाचे दोन मोठे चमचे मोहन घालून उकळी आणायची, गॅस बंद करायचा, भाजणी घालून ढवळायचं आणि वीस-पंचवीस मिनिटं झाकून ठेवायचं. घाई केली की मधे कोरडं पीठ राहतं आणि सोऱ्यातून चकली तुटत येते. सगळं पीठ एकदम मळू नका. लागेल तेवढा गोळा घ्यायचा आणि पाण्याच्या हाताने मळायचा.

आता बिघडतं कुठे ते. चकली पाडतानाच तुटली तर पीठ घट्ट आहे, पाण्याचा हात लावून पुन्हा मळा. तेलात हसली, म्हणजे सुटून पसरली, तर मोहन जास्त झालंय. थोडी कोरडी भाजणी मिसळा. म्हणून पहिली एकच तळून बघायची, सगळा पाट भरून ठेवायचा नाही. दुसऱ्या दिवशी मऊ पडली तर आच मोठी होती, बाहेरून रंग आला आणि आत ओल राहिली. घालताना तेल चांगलं तापलेलं, मग आच मध्यम, आणि बुडबुडे जवळजवळ थांबेपर्यंत काढायची नाही. डबा भरायचा तो पूर्ण गार झाल्यावरच. कोमट चकली झाकली की तिचीच वाफ तिला मऊ करते.

तेल पामतेलच घ्या. संपात रेशनचं पामतेलच असायचं. सरकारने २०२२ च्या दिवाळीत रेशनवर शंभर रुपयांत आनंदाचा शिधा दिला, त्यातही एक लिटर पामतेल, आणि किलो-किलो रवा, साखर, हरभराडाळ. एवढ्या चार जिनसांतसुद्धा फराळ निघतो. डाळ दळून आणली की शेव, रवा भाजून साखरेच्या पाकात लाडू. पाक एकतारीच ठेवा, पुढे गेला तर लाडू दगड होतात. झालेच तर मिश्रणावर कोमट दुधाचा हबका मारून झाकून ठेवा, तासाभरात वळता येतील.

मुलांचं म्हणाल तर खरं तेवढंच सांगा: बाबांचा पगार बंद आहे, फटाके नाहीत, नवे कपडे नाहीत. अकरा वर्षांच्या मुलाला हे आधीच कळलेलं असतं. त्यानंतर मात्र त्यांच्या हाताला काम द्या, आणि ते आठवडाभर आधी.

एक कंदील. बांबूच्या सारख्या लांबीच्या २४ कामट्या, दहा-दहा इंचाच्या. चार-चारचे सहा चौकोन दोऱ्याने बांधायचे. चार चौकोन टोकावर उभे करून टोकाला टोक बांधत गोल करायचा, वरच्या चार टोकांवर पाचवा चौकोन, खालच्या चार टोकांना सहावा. मधले आठ त्रिकोण आपोआप होतात. उंची साधारण चौदा इंच भरते. एखादी कामटी अर्ध्या इंचाने जरी मोठी असली तरी सांगाडा कलतो आणि शेवटचा चौकोन जुळत नाही, म्हणून आधी सगळ्या एकत्र धरून टोकं सारखी कापायची. कागद पतंगाचा. खळ मैद्याची, पातळ शिजवलेली. जाड लावली की कागद सुरकुततो. वरचा चौकोन उघडा ठेवायचा, खालच्याला झिरमिळ्या. आत लहान एलईडी दिवा. जुना साठ वॅटचा बल्ब लावू नका, कागद तापून पेटेल.

दुसरा किल्ला. फुकट. दगड-विटांचा ढीग, त्यावर चिखलात बुडवलेलं गोणपाट, वरून मातीचा लेप. चिखल सैल झाला की बुरूज रात्रीत बसतो. कणकेपेक्षा घट्टच हवा. अळीव किंवा मोहरी दिवाळीच्या पाच-सहा दिवस आधी पेरायची. पाणी तांब्याने ओतलं तर बी वाहून पायथ्याशी गोळा होतं, म्हणून हाताने शिंपडायचं, दिवसातून दोनदा. फ्लॅटमध्ये असाल तर जिन्याखाली किंवा गॅलरीत परातीएवढा पण चालतो.

आता जाऊबाईंचा दुसरा मुद्दा: "पाव-पाव किलो तयार आणलं तर स्वस्त पडतं, गॅसही वाचतो." दोनच माणसांच्या घरात खरंय, मी नाही म्हणत नाही. कढई वाटून घ्यायला कुणी नसेल तर चारांच्या घरातही जवळपास तेच. पण शेजारीण आली की हिशोब उलटतो, हे त्यांना पटलेलं नाही आणि पटणारही नाही.

अजून एक, हे आधीच लिहायला हवं होतं. कर्ज काढून यातलं काहीही करू नका. हप्ता थकला असेल तर आधी हप्ता. सोनाराकडे तर जाऊच नका. आणि संपात सगळ्यांनीच दिवाळी केली असं मी म्हणत नाही. कित्येकांनी बायकामुलांना गावी पाठवलं होतं, कित्येक घरांत चूल पेटायची मारामार होती. तुमच्या घरी किराणाच भरता येत नसेल तर वरचं भाजणीचं सगळं सोडा, फक्त किल्ला करा.

उरलेलं तेल फडक्यातून गाळून आठ-दहा दिवसांत फोडणीला संपवा, पुन्हा तळणाला वापरू नका. आणि पामतेलाच्या चकलीला वास येतो असं कुणी म्हणालं तर त्यांना विचारा, तेल नीट तापायच्या आधीच घाणा टाकला होता का. आमच्या घरात याचं उत्तर आजवर मिळालेलं नाही.