प्लॉट नंबर ४२, पण कुठला?

प्रश्न: नमस्कार दादा, आम्ही मानेवाड्याकडे राहतो. आमच्या ले-आउटमध्ये आमचा प्लॉट नं. ४२, बाजूच्या ले-आउटमध्येही एक ४२ आहे अन् नाल्यापलीकडे अजून एक. रोडला नाव नाही. पार्सलवाला चारदा फोन करतो, "मॅडम हनुमान मंदिराजवळ उभा आहो" म्हणतो, आता मंदिरंही तीन. मुलगा म्हणतो गेटवर लोकेशन कोड लिहून टाकू, पत्त्याची झंझटच नको. खरंच चालते का हे? अन् मग टपालाचं काय?
— एक वाचक, मानेवाडा

उत्तर: ताई, अर्ध्या नागपूरचं हेच रडगाणं आहे. आपल्याकडे नंबर रोडचा नाही, ले-आउटचा, आणि प्रत्येक ले-आउट १ पासून मोजणार, मग ४२ नंबर जागोजागी निघणारच. पिनकोड इथं कामाचा नाही, १९७२ पासूनचे ते सहा आकडे तुमच्या भागाच्या पोस्ट ऑफिसपर्यंत नेतात, तिथून गेटपर्यंत सगळं पोस्टमनच्या डोक्यात.

कोड चालतो. गूगलचा प्लस कोड मॅपवर घरावर बोट दाबून धरलं की खाली दिसतो, पूर्ण कोड १० अक्षरांचा, नागपुरात बहुतेक ठिकाणी सुरुवात ७जेएचएक्स अशी, म्हणून ती चार गाळून मागे नुसतं "नागपूर" लिहिलं तरी भागतं. पण एक कोड म्हणजे मॅपवरचा एक चौकोन, तो आपल्याकडे साधारण १४ बाय १३ मीटरचा, आणि आपले प्लॉट ३० बाय ५० फुटी, म्हणजे जेमतेम ९ बाय १५ मीटर, तर तुमचं अन् शेजाऱ्याचं गेट एकाच कोडात बसू शकतं! टपाल खात्यानं २०२५ मध्ये आणलेला डिजिपिन नावाचा असाच कोड जास्त बारीक आहे, चौकोन साधारण ४ बाय ४ मीटर, आयआयटी हैदराबाद आणि इस्रोच्या एनआरएससीला (उपग्रहांची माहिती सांभाळणारं केंद्र) सोबत घेऊन केलेला. मला तोच बरा वाटतो, पण पार्सलवाल्याच्या हातात गूगल मॅप असतो ना, त्याला प्लस कोडच पाठवा.

कोड काढायचा तो गेटवर उभं राहून. मी काढला होता हॉलमध्ये सोफ्यावर बसून, निळा ठिपका गेला मागच्या गल्लीत, अन् सिलेंडरवाला मागच्या भिंतीशी उभा राहून हाका मारून रायला होता. वरच्या-खालच्या मजल्याला कोड एकच, त्यामुळे मजला वेगळा लिहा. आणि फोनवर सांगू नका हो, सी, पी, टी सगळे सारखेच ऐकू येतात, सरळ व्हॉट्सअॅप करा.

टपालासाठी पत्ता आहे तसाच ठेवा, डिजिपिन पत्त्याच्या सोबत आहे, बदली नाही. गेटवर लिहायचाच तर ऑइल पेंटनं लिहा, आणि वर ४२ च्या बाजूला ले-आउटचं नावही टाका, ते तर आपल्याकडे कोणीच टाकत नाही.