व्हीएस कोड या एडिटरमध्ये कोड शोधताना टेस्ट फाइल्स (मूळ कोड बरोबर चालतो का ते तपासणाऱ्या फाइल्स) निकालातून कशा वगळायच्या?

तुम्ही लिहिलंय की फंक्शनचं नाव शोधलं की बहुतेक निकाल टेस्ट फाइल्सचेच येतात आणि मूळ कोड सापडेस्तोवर डोकं उठतं. मी नागपुरात कळमना मार्केटच्या अडत्यांसाठी हिशोबाचं सॉफ्टवेअर लिहितो, तिथेही हे रोजचंच. संत्र्याचा भाव काढणारं फंक्शन शोधावं तर टेस्टच टेस्ट येऊन राहतात, कारण अडत, हमाली, तोलाई, प्रत्येकाची टेस्ट वेगळी.

कंट्रोल+शिफ्ट+एफ दाबा. शोधाच्या खोक्याखाली उजवीकडे तीन ठिपके आहेत, त्यावर क्लिक केलं की आणखी दोन खोकी उघडतात. त्यातल्या 'फाइल्स टु एक्सक्लूड'मध्ये *.टेस्ट.*, *.स्पेक.*, __टेस्ट्स__ असं स्वल्पविराम देऊन लिहा (इथे देवनागरीत लिहिलंय, टाइप करताना रोमन अक्षरं घ्या). फाइल कितीही आतल्या फोल्डरमध्ये असली तरी ती वगळली जाते. लिहिलेलं तिथे तसंच राहतं, म्हणून पुढचा शोध घेताना त्या खोक्यावर एक नजर टाका.

बरेच जण घाईत नुसतं *टेस्ट* लिहितात. तसं करू नका. 'लेटेस्ट'च्या रोमन स्पेलिंगची शेवटची चार अक्षरं 'टेस्ट'चीच आहेत. आजचा भाव आणणारी फाइल 'लेटेस्ट-रेट' नावाची असेल तर तीही गुपचूप गायब होते. एरर येत नाही, इशारा नाही, आणि तुम्ही समजता की हे फंक्शन तिथे वापरलेलंच नाही. म्हणून तुमच्या भाषेत टेस्ट फाइलचं नाव नेमकं कसं असतं ते बघून पॅटर्न लिहा. गो भाषेत नावाच्या शेवटी _टेस्ट.गो असावंच लागतं. पायथनमध्ये टेस्ट चालवायला पायटेस्ट वापरत असाल तर टेस्ट_*.पीवाय आणि *_टेस्ट.पीवाय हे दोन्ही घाला. मेव्हन या बिल्ड टूलवर चालणाऱ्या जावा प्रोजेक्टात एसआरसी/टेस्ट हा फोल्डर वगळला की झालं.

हेच सेटिंग्जमधल्या 'सर्च.एक्सक्लूड'मध्ये कायमचं टाकता येतं (तिथे पॅटर्नच्या आधी **/ लावा), पण माझं ऐकाल तर टेस्टसाठी ते टाळा. तिथे टाकलं की कंट्रोल+पी दाबून फाइल उघडतानाही टेस्ट दिसत नाहीत. 'फाइल्स.एक्सक्लूड'मध्ये टाकलं तर डावीकडच्या यादीतूनही जातात. आणि ते सेटिंग प्रोजेक्टच्या .व्हीएसकोड फोल्डरमधून गिटमध्ये गेलं तर सगळ्या टीमच्या डोळ्यांवर पट्टी. शून्य वजनाची नोंद आली तर हिशोब अडायला हवा की पुढे जायला हवा, हे आमच्याकडे भावाच्या फंक्शनमध्ये वाचून कळत नाही, टेस्टमध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे. नवीन माणसाला ती टेस्ट शोधूनही सापडू नये, हे मला पटत नाही. फंक्शनचे पॅरामीटर बदलायचे असतील तेव्हा तर टेस्टसकट सगळे निकाल समोर हवेतच.

कोणी आधीच असं सेटिंग करून ठेवलं असेल तर एक्सक्लूडच्या खोक्यात उजव्या टोकाला छोटं गिअरचं बटण आहे, ते बंद करा. त्या शोधापुरती सेटिंग्जमधली आणि गिटइग्नोरमधली (गिटने कोणत्या फाइल्सकडे दुर्लक्ष करायचं त्या यादीतली) वगळणूक थांबते.

फंक्शन कुठे कुठे वापरलंय ते दाखवणाऱ्या 'फाइंड ऑल रेफरन्सेस'ला मात्र यातलं काहीही लागू होत नाही. ती यादी त्या भाषेच्या लँग्वेज सर्व्हरकडून, म्हणजे कोड समजून घेणाऱ्या वेगळ्या प्रोग्रॅमकडून येते, त्यामुळे तिच्यात टेस्ट दिसणारच. व्हीएस कोडऐवजी इंटेलिजे हा एडिटर वापरत असाल तर 'फाइंड इन फाइल्स'मध्ये स्कोप निवडून 'प्रोजेक्ट प्रॉडक्शन फाइल्स' घ्या, पॅटर्न लिहायची गरजच नाही. फक्त टेस्टचा फोल्डर तिथे 'टेस्ट सोर्सेस रूट' म्हणून मार्क केलेला हवा.